अर्धा दंडवत

माझ्या बापाचा आवाज भाजीबाजारातून निघून पार मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. बाप हर्रास बोलायचा. मळेवाल्यांनी पहाटे आपापल्या टोपल्या आणून ओट्यापुढे ढीग लावायचे, व्यापाऱ्यांनी भोवती उभं राहायचं, अन् बापानं ओट्यावरून एकेका ढिगाची बोली पुकारायची. तिसऱ्यांदा पुकारून त्यानं खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हातानं झटकला की तो ढीग विकला गेला. त्यानंतर कोणी तोंड उघडलं तर बाप त्याच्याकडे पाहायचाही नाही. पुकारायचा क्रम ठरलेला होता, आजही तोच आहे. आधी पाला, कारण पाला उन्हाची वाट पाहत नाही. मेथी, पालक, मग सांभार. पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांभार. त्यानंतर वांगी, मग मिरची, अन् शेवटी कोहळं-भोपळं, ज्यांना कसली घाई नसते. घड्याळ कोणाच्या हातावर नव्हतं. कोणी विचारलं किती वाजले, तर उत्तर यायचं, पालक चालू आहे.

आम्ही महानुभाव. आजापासून रिद्धपूरचा उपदेश घेतलेला, त्यामुळे घरात दारू-मटणाचं नाव नाही. आमच्यात एकमेकांना रामराम करत नाहीत, दंडवत म्हणतात. बाप हर्रास सुरू करायच्या आधी ओट्यावर चढून दोन्ही हात डोक्याच्या वर जोडायचा, हसायचा, अन् बाजाराला मोठ्यानं दंडवत घालायचा. बाजारात माळी होते, मुसलमान होते, मारवाडी होते. प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं जबाब द्यायचा. माझ्या लहानपणीची सकाळ म्हणजे हाच आवाज. देवळाची घंटा मी नंतर ऐकली.

शहराच्या कडेला आमचा दीड एकराचा मळा होता अन् मळ्यातच टिनाचं घर. विहिरीवर इंजिन फटफट करायचं, चुलीपाशी मायची भाकर थापायचा आवाज यायचा, अन् या दोन आवाजांच्या मधात आम्ही भावंडं वाढलो. बाप बाजारातून नऊ वाजता यायचा. गरम ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ताटाच्या कडेला मिठाची ढेरी पाहिजेच, प्रत्येक घासाला मीठ लावून खायचा. जेवण झालं की तळहातावर तंबाखू-चुना. डोकं दुखतं म्हणायचा, मान जड झाली म्हणायचा, मग माय त्याच्या कपाळाला चुन्याचा लेप द्यायची. रक्ताचा दाब असतो अन् तो मोजता येतो हे आमच्या आळीत कोणाला माहीत नव्हतं. ओरडून ओरडून डोकं दुखत असंल, असं आम्ही समजायचो. मी चौथीत शाळा सोडली होती अन् टोपल्या डोक्यावर घेऊन बापाच्या मागं बाजारात जायला लागलो होतो. ओट्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाचा मी पोरगा आहे, या एका गोष्टीचा मला इतका माज होता की सांगता सोय नाही.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. बापानं दंडवत घातला, मेथी पुकारली, पालक पुकारला, सांभारही नीट गेला. पहिला वांग्याचा ढीग आला अन् बापाची जीभ अडखळली. वांगी हा शब्द त्याच्या तोंडातून गिळगिळीत होऊन बाहेर पडला. लोक हसले. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं, अजून वाईट निघाला. दुपट्टा झटकायला गेला तर हात खांद्यापर्यंत पोचला नाही, दुपट्टा खाली पडला. तो लोकांकडे पाहून हसला, तर हसू एकाच गालावर आलं. तुळशीराम नावाचा एक जवान व्यापारी पुढंच उभा होता. तो मोठ्यानं म्हणाला, "बुढ्यानं आज सकाळीच लावली वाटते."

मग तर सगळा बाजार हसला. दोघांनी बापाला ओट्यावरून उतरवलं, लिंबाखाली पोत्यांवर निजवलं, अंगावर रिकामी पोती टाकली, अन् दुसऱ्या एकानं ओट्यावर चढून वांगी पुकारायला सुरुवात केली. म्हणे दोन घंट्यांत उतरते. आदल्या दिवशी बाप एका लग्नाला गेला होता, तिथं पिणारे होते. मला वाटलं, नाद लागला. ज्याचा मला माज होता तोच माणूस पोत्यांखाली दारुड्यासारखा पडला होता अन् माझ्या वयाची पोरं माझ्याकडे पाहून हसत होती. मी दहा पावलं चालून जवळ गेलो असतो अन् त्याचं तोंड हुंगलं असतं तरी खरं काय ते कळलं असतं. मी गेलो नाही. रिकाम्या टोपल्या उचलल्या अन् घरी आलो. मायनं विचारलं, हे कुठं आहेत. मी म्हटलं, बाजारातच झोपले.

माय चुलीपाशी होती. "दिवसा कवा झोपले थे?" एवढंच म्हणाली. भाकर तव्यावर तशीच राहिली, मला तिचा करपट वास आजही येतो. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् ती बाजाराच्या वाटेला लागली. मी मागं मागं. तोपर्यंत ऊन वर आलं होतं. बाप तसाच पडला होता, धोतर ओलं झालं होतं, एक डोळा उघडा अन् तोंड एका बाजूला ओघळलेलं. मायनं खाली बसून त्याच्या तोंडाला नाक लावलं. मग उभी राहिली. पुरुषांसमोर कधी मोठ्यानं न बोललेली माझी माय भर बाजारात म्हणाली, "या. एकेक जण या अन् याईचं तोंड हुंगा."

एकही माणूस पुढं आला नाही. तुळशीराम खाली पाहत होता. मीही खालीच पाहत होतो.

पुढचं सगळं तेव्हा व्हायचं तसंच झालं. अंगावरून वारं गेलं म्हणाले. कोणी तेल चोळलं, कोणी कबुतराचं रक्त आणलं. आम्ही रक्ताला हात लावत नाही, म्हणून मायनं त्याला दारातूनच हाकललं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, लकवा आहे, आता सांभाळा. बाप त्यानंतर चार वर्षं जगला, खाटेवर. शब्द गेले ते गेले. पण रोज सकाळी, बाजाराच्या वेळेला, तो डावा हात डोक्यावर न्यायचा, अर्ध्या तोंडानं हसायचा अन् दंडवत म्हणायला जायचा. 'दं' निघायचा, पुढं नुसती हवा. बाकीचा शब्द माय पुरा करायची. बाजारात मात्र शेवटपर्यंत हेच चालू होतं की महानुभावाच्या पोटात एकदा गेली अन् त्याला सोसली नाही. मी तिथंच टोपल्या उतरवत होतो, ऐकत होतो. भांडायला तोंड नव्हतं. भांडलो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, तू तर मुलगा, तू काहून गेला नाही जवळ?

बापाच्या शेवटच्या वर्षी माझं लग्न झालं. मंदा अकोल्याची. तिचे मायबाप तिकडं फुलं विकायचे. सासरी आल्या आल्या नळावरच्या बायांनी तिला सांगितलं की तुझा सासरा दारूनं लोळागोळा झाला. ती घरी येऊन सरळ मायपाशी गेली अन् विचारलं. मायनं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बापाला चहा पाजायचं काम मंदानं घेतलं. तोंडाच्या पडल्या बाजूनं चहा गळायचा, ती पदरानं पुसायची. त्याचा अर्धा दंडवत मायसोबत तीही पुरा करायला लागली. वर्षभर तिनं ते तोंड रोज पाहिलं. हे सांगायचं कारण पुढं येते.

मधली वर्षं मी सोडून देतो. माय गेली, पोरी लग्न होऊन गेल्या, मळ्याच्या आजूबाजूला घरं झाली. मंदा शहरातल्या राजापेठेत गाडीवर भाजी विकायला बसू लागली अन् माझ्यापेक्षा चांगला धंदा करू लागली. आम्ही दोघं म्हातारे झालो तेव्हाची गोष्ट. आमच्या आळीतल्या नगरपालिकेच्या शाळेत बायांची सभा होती, सरकारी दवाखान्याची डॉक्टरीण आली होती. मंदा गेली ती चहा-बिस्किटासाठी. दुपारी मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होतो, ती आली अन् समोर बसली.

"आबाजीचं तोंड आज भितीवर पाह्यलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणाच्या भिंतीवर?

"शाळेच्या. डॉक्टरीण बाईनं कागद लावला होता. एक माणूस हाय त्याच्यावर. अर्धं तोंड लोंबलेलं, एक हात खाली पडलेला, अन् बोलता येत नाई. मी म्हटलं, बाई, हा तर माया सासरा हाय. वर्षभर रोज सकाळी पाह्यला मी ह्याले."

मग तिनं सगळं सांगितलं. डोक्यातल्या नसेत रक्ताची गाठ अडकते, नाहीतर नस फुटते. दाब, साखर, तंबाखू, जास्तीचं मीठ, यांनी नस खराब होते. आता गाठ विरघळवायचं इंजेक्शन निघालं आहे, पण चार-साडेचार घंट्यांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचलं तर, अन् डोक्याचा फोटो काढून डॉक्टर ठरवतील तर. चोळत बसायचं नाही, पाणी पाजायचं नाही, झोपू द्यायचं नाही. मी ऐकत होतो अन् माझे हात थांबले होते. त्या दिवशी मी तिला ते सांगितलं जे कोणालाच सांगितलं नव्हतं. दहा पावलं. मी गेलो नाही. मायशी खोटं बोललो ते.

मंदानं माझ्या हातातली अर्धी जुडी घेतली अन् बांधली. "तवा थे इंजेक्शनच नोतं. तुमी धावत गेले असते तरी आबाजीचा हात वापस आला नसता," ती म्हणाली. मला जरा बरं वाटलं. मग तिनं दुसरी जुडी घेतली. "पण वास तं घ्याले पाहिजे होता तुमी."

अशी होती माझी बायको. मलम लावायची अन् खपलीही काढायची.

चार दिवसांनी ती माझ्याबरोबर पहाटे बाजारात आली. मला वाटलं, माल पाहायला आली. हर्रास सुरू व्हायच्या आधी ती सरळ ओट्यावर चढली. त्या ओट्यावर तोपर्यंत एकही बाई चढली नव्हती. पुकारणारा गजानन तिला उतरा म्हणायला पुढं झाला, तर तिनं त्याच्या हातात आपली पिशवी दिली अन् बोलायला लागली.

"माया सासऱ्यानं जल्मात दारूचा थेंब शिवला नाई. याच ओट्यावर त्याईले लकवा झाला, अन् बाजार हासला. माये मालक थे उभे हायेत तिकडं. थेही सरमले, बापाच्या जवळ गेले नाई. सतरा वर्साचे होते, त्याईले मालूम नोतं. तुमालेही नोतं. आता मी सांगून राहिली, म्हणजे आता मालूम हाय. इथून पुढं कोणाची जीभ अडली अन् तुमी हासले, तं थे पाप तुमचं."

सगळा बाजार माझ्याकडे वळून पाहत होता. पन्नास वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट तिनं वांग्यासारखी ढिगात मांडली होती. मी टोपली तिथंच टाकून घरी आलो. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती रोज वाढायची, मी खायचो. भाजीत मीठ अर्धं झालं होतं अन् माझी तंबाखू-चुन्याची डबी गायब होती, पण न बोलायचं ठरवल्यामुळं मला त्याबद्दल भांडताही येईना. नवव्या दिवशी दाराशी तुळशीराम आला. काठी टेकत, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याचा माझा बोलण्याचा संबंध नव्हता. तो महानुभाव नाही, पण त्यानं काठी भिंतीला लावली, दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले अन् मला दंडवत घातला. मग काठी घेतली अन् गेला. चहाला थांबला नाही.

आत जाऊन मी मंदाला म्हटलं, "भाजी अळणी झाली आज."

"रोजच होते. तुमाले आज समजलं," ती म्हणाली.

त्यानंतर मी तिला अडवलं नाही. अडवून ती थांबलीही नसती. तिनं गजाननला शिकवलं की रोज हर्रासाच्या आधी माझ्या बापासारखा दंडवत घालायचा अन् सगळ्यांकडून घालून घ्यायचा. दोन्ही हात वर, तोंडावर हसू, अन् शब्द पुरा. शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडं पाहायचं. ज्याचा हात मागं राहिला, हसू वाकडं झालं किंवा शब्द तुटला, त्याला तिथूनच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आधी लोकांनी मस्करी केली. मग सवय पडली. राजापेठेत ती गिऱ्हाइकालाही सोडायची नाही. शिकवणीच्या पोरांना सोडायला आलेल्या बाया, वकील, मास्तर, सगळ्यांना वजन करता करता विचारायची, दाब मोजला का, साखर पाहिली का. एका वकिलानं चिडून म्हटलं, तू भाजी विक. ती म्हणाली, थेच करून राहिली, गिऱ्हाईक जित्तं राह्यलं तं उद्या येईल ना. तो वकील पुढं तिच्याकडूनच भाजी न्यायचा अन् दाबाचा आकडा सांगूनच पिशवी उघडायचा.

मागच्या वर्षी ती गेली. कावीळ झाली अन् पंधरा दिवसांत संपलं. तिनं ज्याची पहारेदारी केली तो रोग आलाच नाही, दुसराच आला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. तिची गाडी अंगणात आहे, तराजू गाडीवर आहे. बस.

हे सगळं आता लिहायला घेतलं ते या हिवाळ्यात झालेल्या गोष्टीमुळं. मी अजून बाजारात जातो. विकायला काही नसते, पण घरी बसवत नाही. त्या दिवशी गजाननचा दंडवत नीट झाला होता. मेथी, पालक, सांभार गेला. पहिला वांग्याचा ढीग आला अन् त्याची जीभ अडली.

माझे पाय जमिनीला चिकटले. मी पुन्हा सतरा वर्षांचा झालो. मला हसण्याचा आवाज येईल असं वाटलं, अन् आला असता तर मी तिथंच मेलो असतो. पण कोणी हसलं नाही. सगळा बाजार एकदम चूप झाला. एवढा चूप बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. मग लसूण विकणारी बेबी ओरडली, "गजाभाऊ, दंडवत घाल." गजाननचा डावा हात वर गेला, उजवा गेला नाही. बेबी तोवर ओट्यावर होती. एक जण लोटा घेऊन धावला तर तिनं तो लोटा उडवला. "पानी नाई. मंदाकाकूनं सांगतलं होतं, घशात अटकते." अन् मी चालायला लागलो. दहा पावलं होती की जास्त, मोजली नाहीत. गजाननजवळ गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अन् काही गरज नसताना त्याच्या तोंडाला नाक लावलं. चहाचा वास होता.

एका मळेवाल्याच्या टेम्पोतून आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिलाच सवाल केला, शेवटचे नीट केव्हा होते?

बेबी म्हणाली, "सांभार संपेपर्यंत एकदम नीट होता, साहेब. वांग्याले बिघडला."

डॉक्टर तिच्याकडं पाहतच राहिला. मी म्हटलं, "सांभार पावणेसहाले संपते. आज मेथीचे ढीग जास्त होते. सहा लिहा." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेसहा होत होते. त्यानं सहा लिहिलं, अन् गजाननला फोटो काढायला आत नेलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाला की गाठच आहे, इंजेक्शन देतोय, वेळ बरोबर सांगितली म्हणून देता येते. मग विचारलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? बेबी माझ्याकडे पाहायला लागली. मला बोलता आलं नाही. माझा चेहरा पाहून डॉक्टरनं मलाच खुर्चीवर बसवलं अन् हात वर करायला लावले.

दोन महिन्यांनी गजानन ओट्यावर परत उभा राहिला. बोलणं जरा जड आहे, पुकारायला त्याचा भाऊ मदतीला असतो. पण दंडवत त्यानं स्वतःच घातला. डावा हात झटकन वर गेला. उजवा मागून निघाला, खांद्यापाशी जरा थांबला, मग डोक्यावर जाऊन डाव्याला मिळाला. शब्द पुरा निघाला. अन् माझ्या बापाच्या वेळेसारखा सगळ्या बाजारानं आपापल्या पद्धतीनं जबाब दिला, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतका.

घरी येऊन मी मंदाच्या फोटोला ते सगळं सांगितलं. आता रोज सकाळी मी तिच्यासमोर उभा राहतो, तिनं लावलेली सवय आहे. हात वर नेतो, दोन्ही बरोबर जातात. दंडवत म्हणतो, शब्द पुरा निघतो. हसू मात्र अर्धंच येते, अन् ते काही लकव्यानं नाही.